डीआरडीओच्या साहेबांना खुलं पत्र: प्लाझ्माला पैसे द्या, पण कुलूप लावू नका

मा. अध्यक्ष, डीआरडीओ, आणि दिल्लीत राजाजी मार्गावर बसून कॉलेज-विद्यापीठांच्या रिसर्च ग्रँटच्या फायली बघणारे सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका सीनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पत्र मराठीत लिहितोय कारण ते तुमच्या इतकंच माझ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या आईबापांनी पण वाचावं असं मला वाटतं, आणि तुमच्यात मराठी वाचणारे कमी नाहीत हे मला माहितीय. मुद्दा सरळ सांगतो. बेसिक प्लाझ्मा फिजिक्स (प्लाझ्मा म्हणजे असा गॅस की ज्यात अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून मोकळे झालेले असतात) आणि सॅटेलाइटचं इलेक्ट्रिक प्रॉपल्शन, म्हणजे विजेच्या जोरावर ढकलणारं इंजिन, या दोन गोष्टींसाठी डिफेन्सचा पैसा साध्या विद्यापीठांपर्यंत, म्हणजे मराठवाड्यापर्यंत सुद्धा, आला पाहिजे, आणि येताना तो गुप्ततेचं कुलूप न घेता आला पाहिजे. दोन्ही एकत्र. नुसता पैसा आला आणि कुलूप पण आलं तर त्या पैशाचा आम्हाला उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हाला पण नाही. का, ते खाली लिहितो, जरा लांबेल पण वाचा.

मिलिटरीने बेसिक सायन्सला पैसे द्यायचे ही काही नवीन गोष्ट नाही. अमेरिकेत सायन्सला सरकारी पैसे देणारी एनएसएफ १९५० साली निघाली, पण त्याच्या चार वर्षं आधीच, १९४६ पासून, त्यांच्या नेव्हीचं ऑफिस ऑफ नेव्हल रिसर्च विद्यापीठांना पैसे वाटत होतं. चार्ल्स टाउन्सनी कोलंबिया विद्यापीठात १९५४ साली पहिला मेसर (लेसरसारखंच, पण मायक्रोवेव्हवर चालणारं यंत्र) चालवून दाखवला, ती लॅब तिकडच्या आर्मी, नेव्ही आणि एअर फोर्सच्या एकत्र पैशावर चालायची. कोणी त्यांना रोज येऊन विचारत नव्हतं की याची तोफ कधी होणार. त्या मेसरच्याच वाटेवर पुढं १९६० साली लेसर झाला, आणि आज आमच्या गावातल्या डोळ्याच्या दवाखान्यापासून ते तुम्ही एप्रिल २०२५ मधे कर्नूलला चाचणी घेतलेल्या ३० किलोवॅटच्या लेसर वेपनपर्यंत सगळीकडं तो आहे.

आता दुसरी बाजू. फ्युजनसाठी, म्हणजे हलके अणू जोडून ऊर्जा काढण्यासाठी, प्लाझ्मा कोंडून धरायचं काम अमेरिका, रशिया, ब्रिटन तिघांनी १९५० च्या आसपास सुरू केलं आणि तिघांनी पण ते लपवून ठेवलं. प्रिन्स्टनमधे लायमन स्पिट्झर, मॉस्कोत सखारोव आणि टॅम. १९५५ साली जिनिव्हाच्या अणुऊर्जा परिषदेत आपले होमी भाभा अध्यक्ष होते, त्यांनी भर सभेत सांगितलं की वीस वर्षांत फ्युजनची ऊर्जा काबूत आणायचा मार्ग सापडेल. तेव्हा भाभांना आतलं काही कोणी दाखवलं नव्हतं. तीन वर्षांनी, १९५८ ला, त्याच जिनिव्हात तिन्ही देशांनी आपापली कपाटं उघडली आणि काय निघालं, तर सगळेजण साधारण एकाच जागी अडकले होते! प्लाझ्मा वाकतो, फुगतो, भिंतीला जाऊन लागतो, तेच इन्स्टॅबिलिटीचे प्रॉब्लेम तिघांनी तीन ठिकाणी वेगवेगळे डोकं फोडून शोधलेले. इतकी वर्षं आणि इतका पैसा कशात गेला तर एकमेकांपासून लपवण्यात.

आणि उघडल्यावर काय झालं ते बघा. १९६८ साली रशियनांनी सांगितलं की आमच्या टी-३ टोकामॅकमधे (मॅग्नेटिक फील्डने प्लाझ्मा कोंडून धरणारं कड्यासारखं मशीन) इलेक्ट्रॉनचं तापमान कोटीच्या घरात गेलंय, पश्चिमेकडच्या लोकांचा विश्वास बसेना. मग १९६९ ला ब्रिटनच्या कल्हम लॅबची टीम आपला लेसर आणि सगळं सामान घेऊन थेट मॉस्कोत गेली, कोल्ड वॉर ऐन भरात असताना, आणि लेसरचा प्रकाश प्लाझ्मावरून कसा विखुरतो ते मोजून सांगितलं की रशियन खरं बोलतायत. रिझल्ट छापून आला आणि प्रिन्स्टनवाल्यांनी लगेच स्वतःची मोठी मशीन बदलून तिचा टोकामॅक करून टाकला. मी एमएससीच्या वर्गात हा किस्सा दरवर्षी सांगतो. मिलिटरीच्या पैशातून निघालेल्या मेसरच्या घराण्यातला लेसर, शत्रूच्या देशात नेऊन, त्याच्याच मशीनचं तापमान उघडपणे मोजतो, आणि त्यानंतर सगळ्या जगाचं फ्युजन एकदम पुढं सरकतं. मला तुमच्याकडून पैसा पण असा पाहिजे आणि मोकळीक पण अशी पाहिजे.

तुमची डीआरडीओ १९५८ ची, अमेरिकेची डिफेन्स रिसर्चची संस्था डार्पा (तेव्हा आर्पा) १९५८ ची, आणि आमचं मराठवाडा विद्यापीठ पण १९५८ चंच. तिघं एका वयाचे आहेत, पण आमच्या भागात आजपर्यंत किती लॅबना तुमच्या ग्रँटचा स्पर्श झाला हे तुम्हीच तुमच्या रेकॉर्डमधे बघा.

इलेक्ट्रिक प्रॉपल्शनचं सांगतो, कारण तुमच्या कामाचं तेच आहे. हॉल थ्रस्टर म्हणजे एक गोल खाच असलेली चॅनल, मागच्या टोकाला झेनॉन गॅस सोडायचा, आडवं मॅग्नेटिक फील्ड लावायचं, इलेक्ट्रॉन त्यात अडकून गोल गोल फिरत राहतात आणि झेनॉनच्या अणूंना धडकून त्यांचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) करतात, मग ते आयन इलेक्ट्रिक फील्डमधे पळत सेकंदाला पंधरा-वीस किलोमीटरच्या वेगाने बाहेर पडतात. केमिकल रॉकेटचा जळालेला गॅस तीन ते साडेचार किलोमीटरनं निघतो, त्यामुळं तेवढ्याच कामाला इथं इंधन फार कमी लागतं. जोर मात्र अगदी थोडा, छोट्या थ्रस्टरचा जोर म्हणजे तळहातावर एक ए-फोर कागद ठेवला तर जेवढं वजन लागेल तेवढा. पण तो महिनोन्महिने चालू राहतो. रशियात मोरोझोव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे डेव्हलप केलं आणि १९७१ च्या शेवटी सोडलेल्या मेटिऑर सॅटेलाइटवर ते पहिल्यांदा अंतराळात चाललं.

याची मिलिटरीला किती गरज आहे त्याचं उदाहरण म्हणजे २०१० चा अमेरिकन एअर फोर्सचा एईएचएफ-१ सॅटेलाइट. ऑगस्टमधे वर गेला आणि त्याचं मुख्य इंजिन चाललंच नाही, सॅटेलाइट चुकीच्या कक्षेत लटकला. बाकीचे लहान थ्रस्टर आणि हे हॉल थ्रस्टर वापरून त्यांनी तो हळूहळू वर ढकलला, एक वर्षाच्या वर लागलं, ऑक्टोबर २०११ ला तो जागेवर पोचला. हे जे वाचलं ते कुठल्या एका जनरलच्या ऑर्डरमुळं नाही वाचलं, आधीची कित्येक वर्षं लोकांनी लॅबमधे बसून, पेपर छापून, एकमेकांच्या चुका काढून ते इंजिन समजून घेतलं होतं म्हणून वाचलं. आपल्याकडं पण इस्रोने मे २०१७ मधे जीसॅट-९ वर इलेक्ट्रिक प्रॉपल्शन वापरलं, बेंगळुरूच्या बेलाट्रिक्ससारख्या स्टार्टअप हॉल थ्रस्टर बनवायलेत, म्हणजे गाडी सुरू झालीय.

पण ज्याला तुम्ही तयार टेक्नॉलॉजी समजता तिच्या आतलं फिजिक्स अजून सुटलेलं नाही. मॅग्नेटिक फील्डने अडवलेले इलेक्ट्रॉन जेवढे गळायला पाहिजेत त्यापेक्षा कितीतरी जास्त गळतात. डेव्हिड बोम यांनी याचा एक ढोबळ फॉर्म्युला दिला १९४० च्या दशकात, त्यात एक भागिले सोळा असा आकडा येतो, आणि आज इतकी वर्षं झाली तरी हॉल थ्रस्टर डिझाइन करताना असलेच अंदाजाने ठोकलेले आकडे टाकावे लागतात, नुसत्या समीकरणातून कोणी आधी सांगू शकत नाही की हा नवीन थ्रस्टर नक्की कसा चालेल. चॅनलची भिंत किती दिवसांत झिजेल, फील्डचा आकार बदलला की काय होईल, सगळं बनवून, महिनोन्महिने चालवून बघावं लागतं. हे बेसिक प्लाझ्मा फिजिक्स आहे साहेब. आणि हे करायला टोकामॅक लागत नाही. एक बरा व्हॅक्यूम चेंबर, एक पॉवर सप्लाय, चांगले प्रोब आणि डोकं असलेली पोरं लागतात.

याच बोम यांचं अजून एक सांगायचंय. बर्कलीत ते ओपनहायमर यांच्या हाताखाली पीएचडी करत होते, त्यांची गणितं अणुबॉम्बच्या प्रोजेक्टच्या कामाची निघाली आणि ताबडतोब गुप्त झाली. राजकीय मतांमुळं त्यांना सिक्युरिटी क्लिअरन्स नव्हता, म्हणून स्वतःचाच थीसिस लिहायला पण ते मोकळे राहिले नाहीत, शेवटी ओपनहायमर यांनी शब्द दिला तेव्हा १९४३ ला त्यांना डिग्री मिळाली. मला माझ्या विद्यार्थ्यावर अशी वेळ यायला नको आहे.

हे मी हवेत बोलत नाहीये. काही वर्षांमागं मी एका सरकारी फंडिंग ऑफिसकडं छोटा प्रपोजल पाठवला होता, त्यांचं नाव घेत नाही. त्यात व्हॅक्यूम चेंबर, पंप आणि गेजसाठीच पैसे मागितले होते. उत्तर आलं की तुमच्या संस्थेत व्हॅक्यूमची सुविधा उपलब्ध नसल्याने प्रस्ताव विचारात घेता येत नाही. सुविधा नाही म्हणून तर मागतोय ना! दुसऱ्या एका ठिकाणी बोलणं बरंच पुढं गेलं, तर हमीपत्र आलं की पूर्वपरवानगीशिवाय कुठलाही निकाल प्रसिद्ध करणार नाही, विद्यार्थ्यांच्या प्रबंधासकट. परवानगी किती दिवसांत देणार याचा त्यात उल्लेखच नव्हता. मी सही केली नाही. पोराने चार वर्षं घासायची आणि थीसिस कुठल्यातरी कपाटात पडून राहणार, अशा कागदावर मी माझ्या पोरांच्या वतीने सही करू शकत नाही.

आमच्या लॅबमधे सध्या काय आहे ते सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. काचेची एक लांब नळी, दोन इलेक्ट्रोड, जुना रोटरी पंप, दाब मोजायचा पिरानी गेज आणि हाय व्होल्टेज सप्लाय. पंप सुरू केला की आधी काहीच दिसत नाही, नुसता पंपाचा आवाज आणि तेलाचा वास, मग दाब एका लेव्हलच्या खाली आला की एकदम गुलाबी दोरीसारखा उजेड पडतो, अजून खाली नेला की तो पसरून सगळी नळी भरते, त्यात पट्टे पडतात आणि कॅथोडजवळचा अंधारा भाग लांबत जातो. पोरं मोबाइल काढून व्हिडिओ घेतात. मग मी टंगस्टनच्या बारीक तारेचा लँगम्युअर प्रोब आत घालून करंट-व्होल्टेजचा ग्राफ काढायला लावतो, त्याच्या उतारावरून इलेक्ट्रॉनचं तापमान निघतं, दहा-वीस हजार डिग्री केल्विन. मागं एक पोरगी नळीच्या काचेवर बोट ठेवून म्हणाली, सर आत वीस हजार डिग्री आणि काच नुसती कोमट कशी काय? पोरीचे वडील ऊसतोडीला जातात. इलेक्ट्रॉन हलके, संख्येने विरळ, त्यांच्याकडं उष्णता असते पण ती अशी किती, हे तिने स्वतः पुस्तकं चाळून दुसऱ्या दिवशी मलाच फळ्यावर समजावून सांगितलं. पुढं ती गांधीनगरला आयपीआरच्या (इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्च) समर स्कूलला जाऊन आली. अशी पोरं इथं दरवर्षी असतात, आणि दरवर्षी बहुतेक जण शेवटी बँकेच्या नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेकडं वळतात कारण पुढं इथं काही नाही. लातूर पॅटर्नने डॉक्टर-इंजिनियर घडवले हे सगळ्या महाराष्ट्राला माहितीय, पण ज्या पोराला फिजिक्सच करायचंय त्याच्यासाठी आपल्याकडं कुठला पॅटर्न नाही.

आणि मराठवाड्यात कशाला, इथं काय आहे, असं कोणी म्हणायच्या आधी सांगतो. आमच्याच हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया, म्हणजे गुरुत्वीय लहरी पकडायची वेधशाळा, होतंय, एप्रिल २०२३ ला केंद्राने त्याला साधारण २६०० कोटी मंजूर केलेत. चार चार किलोमीटरच्या दोन नळ्या आणि त्यात वातावरणाच्या दाबाच्या एक लाख कोटीव्या भागाएवढा व्हॅक्यूम. त्या व्हॅक्यूमची जबाबदारी कोणाकडं, तर गांधीनगरच्या आयपीआरकडं, म्हणजे देशातल्या प्लाझ्माच्या मुख्य संस्थेकडंच. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या व्हॅक्यूमपैकी एक आमच्या तालुक्यात येतोय, लीक शोधणारे, पंप सांभाळणारे, गेज कॅलिब्रेट करणारे हात इथं लागणारच आहेत, आणि थ्रस्टर टेस्ट करायला नेमके तेच हात लागतात. तिकडं वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनतात, त्या धंद्यात डाय आणि गिअर कडक करायला प्लाझ्मा नायट्रायडिंग चालतं, भट्टीच्या खिडकीतून बघितलं तर आत तोच जांभळट उजेड दिसतो जो माझ्या नळीत दिसतो. नांदेडला एसजीजीएस इंजिनियरिंग कॉलेज आहे, संभाजीनगरला सरकारी इंजिनियरिंग कॉलेज आहे, दोन विद्यापीठं आहेत. हे सगळं सुटं सुटं पडलंय, जोडणारा धागा नाही.

पैसा नाही असं तर नाहीच. २०२५-२६ ला डीआरडीओचं बजेट २६,८१६ कोटींचं होतं. २०२२ च्या केंद्रीय बजेटमधे सांगितलं होतं की डिफेन्सच्या आरअँडडी बजेटचा पंचवीस टक्के भाग इंडस्ट्री, स्टार्टअप आणि शिक्षणसंस्थांना मोकळा करणार. तुमची पंधरा सेंटर ऑफ एक्सलन्स आहेत, आयआयटी मुंबईत आहे, कोइंबतूरच्या भारथियार विद्यापीठात आहे, म्हणजे राज्याच्या विद्यापीठाला देता येतं हे तुम्ही स्वतःच दाखवलंय. मग गोदावरीच्या काठाला का नाही?

आता अजून एक अडचणीची गोष्ट, ती पण मोकळेपणाने बोलतो. प्रगत प्रॉपल्शनच्या नावावर मिलिटरीने लय पैसा वाया पण घालवलाय. अमेरिकेच्या डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सीने २००८ नंतर साधारण २ कोटी २० लाख डॉलरच्या एका प्रोग्रॅममधून वॉर्प ड्राइव्ह आणि वर्महोलवर (प्रकाशापेक्षा वेगानं जायच्या नुसत्या कल्पना) रिपोर्ट लिहून घेतले. इंधन न फेकता पुढं जाणाऱ्या इंजिनाच्या कल्पनेला डार्पाने २०१८ ला पैसे दिले, आणि २०२१ ला ड्रेस्डेनच्या ग्रुपने नीट मोजून सांगितलं की एमड्राइव्ह नावाच्या असल्याच एका यंत्रात दिसलेला जोर जोर नव्हताच, यंत्र तापून हलत होतं. बंद दाराआड पैसे वाटले की असं होतं. संवेगाच्या अक्षय्यतेचा नियम बीएससी फर्स्ट इयरचं पोरगं सांगू शकतं, पण फाइल गुप्त असली की ते विचारायला तिथं कोणी नसतं. माझा आग्रह म्हणून आहे की प्रपोजल बाहेरच्या तज्ज्ञांनी तपासावा, आमचा सुद्धा, आणि चुकीचा असेल तर तोंडावर फेटाळावा.

पैसा एकदम थांबायची भीती पण खरी आहे. १९६९ च्या शेवटी अमेरिकेत मॅन्सफिल्ड अमेंडमेंट आली, की मिलिटरीच्या कामाशी थेट संबंध नसेल तर डिफेन्सने त्या रिसर्चला पैसे द्यायचे नाहीत, आणि विद्यापीठांची चालू असलेली कामं अडचणीत आली. मॅन्सफिल्ड यांचा मुद्दा अगदीच चुकीचा होता असं मी म्हणत नाही, बेसिक सायन्स फक्त लष्कराच्या खिशावर अवलंबून राहू नये हे बरोबरच आहे, केंद्राच्या रिसर्च फंडिंग संस्थेने, एएनआरएफने पण यात उतरलं पाहिजे. पण पीएचडीचं पोरगं तिसऱ्या वर्षात असताना ग्रँट बंद झाली तर ते कुठं जाईल? म्हणून दिलं तर पाच वर्षांसाठी द्या, आणि मधेच दरवर्षी "याचा सैन्याला काय फायदा" असला कॉलम भरायला लावू नका.

विद्यार्थी मला विचारतात, सर डिफेन्सचे पैसे घेणं बरोबर आहे का. आमच्या गावागावात घरटी कोणीतरी फौजेत आहे, त्यामुळं सैन्याबद्दल इथं कोणाच्या मनात किंतु नाही. पण प्रोजेक्ट ओरायन पण प्रगत प्रॉपल्शनच होतं, यानामागं अणुबॉम्ब फोडत फोडत पुढं जायचं, १९५८ ते १९६५ चाललं, आर्पा आणि मग एअर फोर्सच्या पैशावर, आणि एअर फोर्सला त्यातून अंतराळात शस्त्रं न्यायची होती. असल्या कामात माझ्या पोरांना मी घालणार नाही, हे पण लिहून ठेवतो. जे वर्गात फळ्यावर लिहिता येतं, जर्नलला पाठवता येतं, ते आम्ही करू, मन लावून करू. जे लपवावं लागतं ते तुमच्या स्वतःच्या लॅबमधे करा, त्यासाठी तुमच्याकडं मोठमोठ्या लॅब आहेत, ट्रेन झालेली माणसं आमच्याकडून घ्या.

मेघनाद साहांचं नाव घेतल्याशिवाय प्लाझ्माचं कोणतंच पत्र पुरं होत नाही. १९२० साली गॅस तापवल्यावर किती अणूंचे आयन होतात याचं समीकरण त्यांनी दिलं, आज जगातलं प्रत्येक प्लाझ्माचं पुस्तक तिथून सुरू होतं. ते पण खेड्यातल्या गरीब घरातून आलेले. आणि तेच साहा १९५४ साली लोकसभेत उभं राहून विचारत होते की आपल्या अणुकार्यक्रमात एवढी गुप्तता कशाला. तेव्हा त्यांचं कोणी फारसं ऐकलं नाही.

आमची मागणी मोठी नाही. नांदेड किंवा संभाजीनगरला एक सामाईक व्हॅक्यूम-प्लाझ्मा लॅब, जिथं आसपासच्या कॉलेजांची पोरं स्लॉट घेऊन येऊन काम करतील, आयपीआर आणि लायगोचे लोक महिन्यातून एकदा येतील, तिथं एक टेक्निशियन कायमचा असेल कारण मशीन प्राध्यापकांच्या नाही तर टेक्निशियनच्या जिवावर चालतात. सोबत जनरेटर द्या. डिफ्युजन पंप गरम असताना लाइट गेली की तेलाची वाफ सगळ्या चेंबरमधे शिरते आणि नंतर साफ करण्यात आठवडा जातो, दिल्लीत बसून हे प्रपोजलमधे फालतू खर्च वाटतो पण इथं तो आधी लागतो. पेपर छापायला तीस दिवसांच्या आत हरकत आली नाही तर परवानगी आहे असं समजायचं, ही एक ओळ करारात लिहा. बाकी अटी आम्ही मान्य करू.

आणि हो म्हणायच्या आधी कोणाला तरी बघायला पाठवा. एप्रिल-मेमधे पाठवू नका, तेव्हा पंपाच्या कूलिंगला पाणी टँकरचं असतं आणि प्रयोग बंद असतात. जुलैनंतर कधीही या, पोरं लॅबमधेच असतात.

आपला,
हिंगोली जिल्ह्यातला एक फिजिक्सचा मास्तर